एकच लॅपटॉप, तरी एनपीएम इन्स्टॉल विंडोजवर इतकं स्लो का?

वरणभात_कोडर: ड्युअल बूट आहे, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज ११ आणि उबुंटू (लिनक्स) दोन्ही. प्रोजेक्ट तोच, एसएसडी तीच, तरी एनपीएम इन्स्टॉल (प्रोजेक्टला लागणारी जावास्क्रिप्ट पॅकेजं उतरवणारी कमांड) उबुंटूवर चहा गाळेपर्यंत होतं आणि विंडोजवर चहा पिऊन कप विसळला तरी चालूच असतं. ब्लेंडरचं (थ्रीडी सॉफ्टवेअर) रेंडर मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. असं का?

टर्मिनलवाला: सीपीयूचा काही संबंध नाही रे. रेंडरमध्ये ओएसला फारसं कामच नसतं, पण नोड मॉड्यूल्स, म्हणजे उतरवलेली ती पॅकेजं, म्हणजे हजारो बारक्या फायली आणि विंडोजवर प्रत्येक फाइल उघडताना डिफेंडर (विंडोजचा अँटीव्हायरस) वगैरेचे फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे फाइल वाटेत तपासणारे प्रोग्राम, मधेच डोकावतात, तिथंच वेळ जातो. डेव्ह ड्राइव्ह (विंडोजमधला डेव्हलपरच्या कामासाठीचा खास ड्राइव्ह) बनवून बघ, त्यात डिफेंडर फाइल आधी उघडू देतो, स्कॅन मागाहून करतो.

सातारी: आणि डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) वापरत असशील तर प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवू नकोस, तिथल्या फायली नाइन-पी या फाइल-शेअरिंग प्रोटोकॉलवरून येतात, लय रडतं ते. लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलव.

मॅकवाली: तुलना करताना एनपीएमची कॅशे (आधी उतरवलेल्या पॅकेजांचा साठा) दोन्हीकडे साफ करून घे हं, आणि चार्जर लावलेला असू दे. बॅटरीवर मोजलेल्या आकड्यांवर माझा तरी अजिबात विश्वास नाही.