कसोटी इतिहासातील सर्वश्रेष्ठ वेगवान मारा कोणता?

(चार सोलापूरकर क्रिकेटप्रेमींचा वाद; प्रत्येकाची ओळख त्याच्या वस्तीच्या नावाने दिली आहे.)

पार्क चौक :
सर्वश्रेष्ठ वेगवान मारा ठरवताना बहुतेक जण गोलंदाजांची नावे शेजारी शेजारी मांडतात, बळींची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज मोठी त्याला पहिला क्रमांक देऊन मोकळे होतात. मला ही रीत मान्य नाही. पहिली जोडी दमून बाजूला झाल्यावर चेंडू हाती घेणारा तिसरा गोलंदाज त्या दोघांच्याच तोडीचा आहे का आणि फलंदाजाला दिवसभरात उसंत मिळते का, हीच माऱ्याची खरी परीक्षा आहे.

ज्यांचे बालपण आपल्या सोलापुरात गेले, त्या भारताच्या पॉली उम्रीगर यांचेच उदाहरण घ्या. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यात वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमन समोर असताना कसोटीच्या सात डावांत मिळून त्यांच्या अवघ्या 43 धावा झाल्या. दहा वर्षांनी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात, बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या जिवावर बेतलेले असताना, याच उम्रीगरांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत 56 आणि नाबाद 172 धावा केल्या, शिवाय एका डावात पाच बळीही घेतले. त्या मालिकेत वेस हॉलने 27 बळी मिळवले होते, म्हणजे तो ऐन भरात होता. पण हॉल थांबला की दुसऱ्या टोकाकडून त्याच्या वेगाचे कोणी येत नव्हते. उम्रीगरांचे धैर्य यत्किंचितही कमी न लेखता मी म्हणेन, की एकट्या महान गोलंदाजाला धीराचा फलंदाज पुरून उरू शकतो. तीन महान गोलंदाजांना पुरून उरणे जवळपास अशक्य असते.

म्हणून माझी निवड 1983 ते 1985 या काळातील वेस्ट इंडीजची आहे : माल्कम मार्शल, जोएल गार्नर आणि मायकेल होल्डिंग. मार्शलचे 376 बळी 20.94 च्या सरासरीने (म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा; जितक्या कमी तितके चांगले) आहेत, गार्नरचे 259 बळी 20.97 च्या सरासरीने, आणि या दोघांपुढे सामान्य वाटणारी होल्डिंगची सरासरी 23.68 आहे. 1984 मध्ये या संघाने सलग 11 कसोट्या जिंकल्या व इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर 5-0 असे हरवले. त्याच मालिकेत लीड्सला डाव्या हाताचा अंगठा मोडलेला असताना, हाताला प्लास्टर घालून मार्शलने 53 धावांत 7 बळी घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस पर्थला होल्डिंगने 21 धावांत 6 बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव 76 धावांत आटोपला. या तोडीचे दुसरे उदाहरण असल्यास सांगावे.

होटगी रस्ता :
आपला निकष मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. पर्थची खेळपट्टी वेगवान गोलंदाजाला उपजतच साथ देते आणि इंग्लंडचे ढगाळ हवामानही तेच करते. आपण सोलापूरकर ज्या मातीवर खेळत आलो, तिथे काय होते ते आठवा. चैत्र-वैशाखाच्या उन्हात टणक झालेल्या जमिनीवर नव्या चेंडूची लकाकी पाहता पाहता जाते, उसळी मरते, आणि मग कर्णधाराला फिरकीशिवाय पर्याय दिसत नाही. जिथे वेगवान गोलंदाजाचे काम संपले असे सारे जग मानत होते, तिथून पुढे ज्यांचे काम सुरू व्हायचे, ते पाकिस्तानचे वसीम अक्रम आणि वकार युनूस होते.

रिव्हर्स स्विंगची कला त्यांच्याआधी सर्फराज नवाझ आणि इम्रान खान यांनी पाकिस्तानच्या कोरड्या खेळपट्ट्यांवर घडवली. चेंडूची एक बाजू जपायची, दुसरी खरबरीत होऊ द्यायची, आणि पुरेसा वेग असेल तर तो चेंडू फलंदाजाच्या अपेक्षेच्या उलट दिशेला, तोही अगदी अखेरच्या क्षणी वळवायचा. त्यासाठी हवेत ओलावा लागत नाही, खेळपट्टीत गवत लागत नाही. वसीमच्या 414 आणि वकारच्या 373 बळींपैकी निम्म्याहून अधिक बळी त्रिफळाचीत किंवा पायचीत आहेत. ही गोष्ट मला सरासरीपेक्षा मोठी वाटते, कारण या दोघांना झेल टिपणाऱ्या स्लिपच्या रांगेची गरज निम्म्या वेळा पडलीच नाही. 1990 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध घरच्या तीन कसोट्यांत वकारने 29 बळी घेतले. त्याच मोसमात लाहोरला वसीमने वेस्ट इंडीजचे चार फलंदाज पाच चेंडूंत बाद केले. या जोडीच्या पाठीशी 362 बळींचा इम्रान उभा करा आणि मग पुन्हा विचार करा.

पार्क चौक :
इम्रान, वसीम आणि वकार ही तीन नावे एकत्र उच्चारली की कोणाचाही ऊर भरून येईल, परंतु हे तिघे एकाच वेळी ऐन बहरात कधी होते? वकारचे कसोटी पदार्पण 1989 च्या अखेरीस कराचीत झाले. तोवर इम्रान प्रामुख्याने फलंदाज आणि कर्णधार म्हणून खेळू लागला होता. इम्रान सर्वाधिक भेदक असताना वकार संघात नव्हता आणि वकार भेदक झाला तेव्हा इम्रानची षटके कमी झाली होती.

राहिला प्रश्न कोरड्या खेळपट्ट्यांचा. 1983-84 मध्ये, नुकताच विश्वचषक जिंकलेल्या भारतात येऊन वेस्ट इंडीजने सहा कसोट्यांची मालिका 3-0 अशी जिंकली. मार्शलने 33 आणि होल्डिंगने 30 बळी घेतले. कानपूरला मार्शलच्या चेंडूने गावसकरांच्या हातातील बॅट उडवली आणि कोलकात्यात दुसऱ्या डावात आपण 90 धावांत गारद झालो. कानपूर, अहमदाबाद आणि कोलकाता यांपैकी एकही ठिकाण पर्थ नव्हे.

होटगी रस्ता :
त्या दौऱ्यावर गार्नर आला नव्हता. मग ज्या त्रयीचा आपण पुरस्कार करता, त्या त्रयीने भारतातील परीक्षा दिली असे कसे म्हणता येईल?

पार्क चौक :
गार्नर नसताना वेन डॅनियल आणि विन्स्टन डेव्हिस होते, मालिकेच्या उत्तरार्धात अँडी रॉबर्ट्सही खेळला आणि निकाल तोच लागला. गार्नरसारखा गोलंदाज घरी राहूनही धार बोथट होत नाही, हा माझ्या मते त्या माऱ्याच्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा आहे.

जुळे सोलापूर :
काका, आपण दोघेही चाळीस वर्षांपूर्वीच्या काळात रमला आहात. 1984 मध्ये मार्शल, गार्नर आणि होल्डिंग यांनी मिळून 130 बळी घेतले होते. 2018 मध्ये भारताच्या बुमराह, शमी आणि इशांत यांनी तो आकडा ओलांडला. मार्शल-गार्नरच्या वेळी एका षटकात किती उसळते चेंडू टाकावेत याला आजच्यासारखी मर्यादा नव्हती. ती मर्यादा 1991 मध्ये आली आणि 1994 पासून षटकाला दोन अशी झाली. षटके संथपणे टाकून दमलेल्या गोलंदाजांना विश्रांती देण्याचीही तेव्हा बरीच मुभा होती. आमच्या गोलंदाजांनी हे सारे निर्बंध पाळून जोहान्सबर्गला एकही फिरकीपटू न खेळवता सामना जिंकला, मेलबर्नला बुमराहने 33 धावांत 6 बळी घेतले आणि 2021 मध्ये लॉर्ड्सवर अखेरच्या दिवशी इंग्लंडला 120 धावांत गुंडाळले. ज्या देशात वेगवान गोलंदाज म्हणजे चेंडू जुना करून देणारा मजूर समजला जात असे, त्या देशाने हे करून दाखवले. पहिला क्रमांक देताना याचा काहीच विचार होऊ नये का?

पार्क चौक :
अभिमान मलाही आहे, आणि तो तुमच्यापेक्षा तसूभरही कमी नाही. 200 बळींचा टप्पा ओलांडताना ज्याची सरासरी 20 च्या आत होती, असा बुमराह हा कसोटी इतिहासातील पहिलाच गोलंदाज आहे आणि मार्शलच्या शेजारी मी त्याला निःसंकोच बसवीन. परंतु त्याच 2018 मध्ये आपण दक्षिण आफ्रिकेत 1-2 आणि इंग्लंडमध्ये 1-4 असे हरलो.

जुळे सोलापूर :
ते पराभव फलंदाजांचे होते. माऱ्याची तुलना करायची असेल तर फलंदाजांचे ओझे गोलंदाजांच्या खांद्यावर टाकू नये. ग्रिनिज, हेन्स, रिचर्ड्स आणि लॉईड यांनी उभारलेल्या धावा पाठीशी असताना गोलंदाजी करणे आणि दोनशेच्या आत कोसळलेल्या डावानंतर गोलंदाजी करणे यांत फार अंतर आहे. ते आपल्या सरासरीत कुठेच दिसत नाही.

बाळे :
जुळे सोलापूर यांचा हा मुद्दा अचूक आहे आणि तो दक्षिण आफ्रिकेलाही लागू होतो. स्टेन, फिलँडर आणि मॉर्केल यांचा साधा उल्लेखही येथे झाला नाही, याचे आश्चर्य वाटते. 2011 मध्ये केपटाऊनला पहिल्या डावात दक्षिण आफ्रिकेचा संघ 96 धावांत बाद झालेला असताना या तिघांनी ऑस्ट्रेलियाला 47 धावांत गुंडाळून तो सामना जिंकून दिला. कोरड्या भूमीचा हट्ट असेल, तर 2008 चे अहमदाबाद आठवावे, जिथे भारत 76 धावांत बाद झाला, आणि 2010 चे नागपूर आठवावे, जिथे स्टेनने 51 धावांत 7 बळी घेतले.

होटगी रस्ता :
अहमदाबाद आणि नागपूरला फिलँडर नव्हता. त्याचे पदार्पणच 2011 मध्ये झाले. भारतातले ते यश मुख्यतः स्टेनचे आहे आणि जुना चेंडू वळवण्याची त्याची विद्या वसीम-वकारच्याच परंपरेतली आहे.

आता पार्क चौक यांना एक थेट प्रश्न. वेस्ट इंडीजची ती अजिंक्य घोडदौड चालू असतानाच, 1988 मध्ये इम्रानच्या संघाने जॉर्जटाऊनला जाऊन त्यांना हरवले. इम्रानने त्या सामन्यात 11 बळी घेतले आणि मालिका 1-1 अशी सुटली. सर्वश्रेष्ठ माऱ्याला त्याच्याच अंगणात हरवणारा मारा दुसऱ्या क्रमांकाचा कसा ठरतो?

पार्क चौक :
जॉर्जटाऊनला मार्शल खेळला नव्हता. तो पुढच्या सामन्यापासून परतला, आणि ब्रिजटाऊनची अखेरची कसोटी जिंकून वेस्ट इंडीजने मालिका बरोबरीत सोडवली.

होटगी रस्ता :
मग गार्नर नसतानाही धार बोथट होत नाही, हा आपला पुरावा मार्शल नसताना कुठे गेला? माझा निर्णय कायम आहे. वैशाखात आपल्या पार्क मैदानावर कसोटी खेळवली, चौथ्या दिवशी दुपारी साठ षटके जुना झालेला चेंडू हाती असला आणि जम बसलेली जोडी फोडायची असली, तर मी तो वकारला देईन. आपण कोणाला द्याल?

पार्क चौक :
मार्शललाच. 1988 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ओल्ड ट्रॅफर्डला वेगवान गोलंदाजांना निष्प्रभ करण्यासाठी संथ खेळपट्टी तयार केली होती, तेव्हा त्याने स्वतःचा वेग कमी केला, चेंडू पुढे टाकला, हवेत वळवला आणि टप्प्यावर कापला, आणि 22 धावांत 7 बळी घेतले. त्या मालिकेत त्याने एकूण 35 गडी बाद केले. ज्याला गवत नसताना उसळीवाचून गोलंदाजी करता येते, त्याच्यासाठी मला वकारचा जुना चेंडू उसना आणावा लागत नाही.