जून लागला, माडांचं काय करायचं?

सचिव, बी विंग: सुप्रभात मंडळी. आज १ जून. आठवड्याभरात मृग लागेल, वारा फिरलाच आहे. गुरुवारी पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) येतोय. पार्किंगवर झावळ पडू नये म्हणून सातही माडांचे शेंडे पूर्ण साफ करून घ्यायचे ठरले आहे. कुणाला काही सांगायचं असेल तर आजच सांगा.

ए/१०२: काका, "पूर्ण साफ" म्हणजे काय ते त्याला आधी नीट सांगायला हवं. हिरवी झावळ एकही तोडायची नाही. माडाला महिन्याला साधारण एक पान येतं, वर्षाला बारा ते चौदा, आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलांचा तुरा. अख्खं वर्ष तिथे ओळीने टांगलेलं असतं.

वर बघून मोजा. नुकतंच पूर्ण उघडलेलं पान पहिलं धरायचं आणि खाली यायचं. दहाव्याच्या बेचक्यात नुकती उकललेली पोय दिसेल, चौदाव्यापाशी मुठीएवढे नारळ, सोळाव्या-सतराव्यापाशी शहाळी, आणि बाविसाव्याच्या आसपास वर्षाचे झालेले, पाडायला आलेले. त्याखालची पानं आपणहून पिवळी पडून सुकतात. काढायची ती तेवढीच. निरोगी माडावर तीस-पस्तीस पानं हवीत.

बी/३०४: पण खाली लोंबणारी हिरवी पानंसुद्धा गाड्यांवर येतात ना, ताई?

ए/१०२: हिरवं पान सहसा पडत नाही, सुकलेलं पडतं. उलट घडाचा भार त्या हिरव्या देठावर टेकलेला असतो. देठ काढला की घडाचा दांडा मुरगळतो आणि कोवळे नारळ गळायला लागतात. शिवाय पान गेलं की त्याच्या घडाला पोसणारं कुणी उरत नाही. आज तोडलेल्या पानांचा तोटा पुढे वर्षभर दिसत राहतो.

सी/००१: गाड्यांसाठी खरा उपाय पाडणीचा आहे. वर्षाचा झालेला नारळ झाडावर ठेवला तर तो स्वतःच्या मर्जीने पडतो. दर ४५ ते ६० दिवसांनी पाडणी ठेवा. नारळाचा रंग तपकिरी व्हायला लागला आणि हलवल्यावर आत पाणी वाजलं की घड उतरवायचा, तोही दोराने खाली सोडायचा. गुरुवारचा दिवस चांगला धरलात. पावसात खोड शेवाळतं, मग वर चढणं धोक्याचं.

पाडेल्याला आणखी एक सांगा, पाय ठेवायला खोडात कोयतीने खाचा पाडू नकोस म्हणावं. खोडाची जखम भरून येत नाही, तिथून बुरशी शिरते आणि तांबूस-तपकिरी डिंक ओघळायला लागतो. गेटजवळच्या माडावर दिवाळीच्या माळेसाठी ठोकलेले खिळेही त्याच कारणाने नकोत.

ए/१०२: वर गेलाच आहे तर सुईसारखं न उघडलेलं पान बघून यायला सांगा. पंख्याला कात्री लावावी तसे त्रिकोणी काप पानांत दिसले तर तो गेंड्या भुंगा. भोकाशी चघळलेला ताजा भुसा असेल तर भुंगा अजून आत आहे, तारेच्या हुकाने ओढून काढायचा. मग वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत एकेक डांबरगोळी ठेवून वर बारीक वाळू टाकायची, दर दीड महिन्याने परत. पण नुसतं झाडावर बघून चालत नाही. त्याच्या अळ्या आपल्या मागच्या कंपोस्टच्या खड्ड्यात वाढतात. खड्डा उलथा, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या पांढऱ्या जाड अळ्या दिसतील, त्या वेचून मारा.

बी/३०४: आणि सुईच कुजली असेल तर? पाच नंबरचा माड मलूल दिसतोय.

ए/१०२: सुई हलकेच ओढून बघायला सांगा. सहज हातात आली आणि घाण वास आला तर कोंबकुज. पावसात ही झपाट्याने खाली उतरते, म्हणून आत्ताच बघायचं. कुजलेला भाग निरोगी गरापर्यंत कापून काढायचा आणि बोर्डो पेस्ट लावायची. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र. लोखंडी भांडं नको. स्वच्छ सुरी क्षणभर बुडवून बघा, तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरा. वर पाणी जाऊ नये म्हणून पसरट भांडं उपडं घालायचं, नवा कोंब वर येईपर्यंत. बाकी सहा माडांना पातळ फवारा: १० लिटर पाण्याला दोन्ही १००-१०० ग्रॅम.

सचिव, बी विंग: लिहून घेतलं. खताचं काय?

सी/००१: पाच वर्षांवरच्या माडाला पाच घमेली शेणखत आणि ३ किलो सुपर फॉस्फेट, दोन्ही जूनमध्ये एकदम. युरिया वर्षाला सव्वादोन किलो आणि पोटॅश २ किलो, ते मात्र जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी असे तीन हप्ते. आता युरिया पाऊण किलो, पोटॅश साधारण ६५० ग्रॅम. बुंध्याशी ओतू नका. अन्न घेणारी मुळं लांब असतात, म्हणून बुंध्यापासून दीड मीटरभर गोल पसरून मातीत मिसळा. पहिल्या सरींनी माती भिजली की द्या. झड लागल्यावर दिलं तर आपल्या रेताड जमिनीतून सगळं धुऊन जातं.

आणि सोडणं, म्हणजे नारळाची सोललेली सालं, कचऱ्यात टाकू नका. बुंध्यापासून दोन मीटरवर अर्धा मीटर रुंद, तितकाच खोल गोल चर खणून भिजवलेली सोडणं थरांनी लावायची, पोकळ बाजू वर, मग माती. उन्हाळ्यात ओल धरून राहतात, पाच-सात वर्षं चालतात.

ए/२०१: वटपौर्णिमेचंही आत्ताच सांगते. गेल्या वर्षी लावलेल्या वडाच्या रोपाला दोरा गुंडाळू नका, खोड जाडावलं की तो सालीत रुततो आणि वरचा भाग वाळतो. मोठ्या वडाला गुंडाळा, रोपाला पाणी घाला. आणि पूजेसाठी फांद्या विकत आणण्यापेक्षा देवळाजवळच्या वडाशी जाऊया, कोण कोण येणार ते सांगा.

सी/००१: सचिवकाका, चर गुरुवारी खणू, पाडेली आल्यावर. सोडणं मी आजपासून पंपाजवळच्या पिंपात भिजत घालते. ते पिंप कुणी रिकामं करू नका.