लढाईचे जुने पोवाडे सुचवा – गावातल्या कार्यक्रमासाठी

तेल्हाऱ्याचा_पोट्टा
राजेहो, 29 नोव्हेंबरले अडगावच्या लढाईचा दिवस असते (1803, इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर नागपूरकर भोसल्यांची फौज हरली). त्या रात्री वाचनालयात तासभर पोवाडे ठेवून रायलो. नाहीतर दरसाली डीजेवर तेच ते 'हाणा-मारा' वाजते. डफवाला, झीलकरी (मागं सूर धरणारे) गावातलेच. कापूस वेचणी सुरू हाय, म्हणून तालीम रात्रीच. काय घ्याव?

वाचनवेडी_अकोला
भाऊ, शाहीर तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा घ्या. पण एक विनंती, सुरुवात कापू नका. सगळे थेट घोरपड आणि कड्यापासून सुरू करतात. मूळ पोवाड्यात आधी जिजाऊ शिवाजीराजांना सोंगट्यांच्या डावात हरवतात आणि पणाला सिंहगड मागतात. तिकडे तानाजीच्या घरी रायबाच्या लग्नाची धांदल. मांडव सोडून माणूस निघतो, हे ऐकल्याशिवाय पुढच्या तलवारींना वजन येत नाही. ॲकवर्थ-शाळिग्रामांच्या 1891च्या संग्रहात आहे, य. न. केळकरांचे 'ऐतिहासिक पोवाडे'ही पाहा. भाषा जुनी, तेव्हा कडव्यांमध्ये दोन-दोन वाक्यं गद्यात सांगा.

झाडीपट्टीवाला
आमच्याकडं खडी गंमतीत (आमच्या लोकनाट्यात) शाहीर सवाल-जवाब करतात, तसा बाज ठेवा, पोरं उठून जात नाहीत. आणि सगळे जिंकलेलेच पोवाडे नको. पानिपतावरचा एक घ्या.

तेल्हाऱ्याचा_पोट्टा
ताई, सोंगट्यांचं मले माहीतच नोतं! अडगाववर जुना पोवाडा कोणाच्या पाहण्यात हाय का?

मास्तर_चिखलदरा
जुना शोधत बसण्यापेक्षा पोरांकडूनच चार कडवी लिहून घ्या. मालमसाला भरपूर आहे: मराठ्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या काही पलटणी चक्क पळाल्या, वेलस्लीला त्या पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. पुढे 15 डिसेंबरला गाविलगड पडला, दोनच दिवसांनी देवगावचा तह. कटक इंग्रजांकडे, वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे. म्हणजे आपलीच गावं. शेवटचं कडवं तहावरच ठेवा, तिथं टाळ्या पडल्या नाहीत तरी चालेल.

वाचनवेडी_अकोला
मास्तर म्हणतात ते बरोबर. फक्त 'जी जी जी' तहाच्या कडव्याला कमी करा, नाहीतर हरल्याचाही जयजयकार होतो.

तेल्हाऱ्याचा_पोट्टा
जमलं मग. सिंहगड पुरा, पानिपताचा एक, अडगाव पोट्ट्यांचा. आता तुणतुणं नाही ना गावात. आकोट-हिवरखेडकडं कोणाजवळ असन त सांगा, स्वतः येऊन नेतो.