पंपखोलीच्या कुलपाबद्दल

सचिव (अ-१०२): सर्व सभासदांना नमस्कार. मंगळवारी पहाटे आपल्या बोअरच्या मोटारीची केबल चोरताना जो मुलगा पकडला गेला, त्याच्याविरुद्ध आपण अर्ज दिला होता. परंतु पोलिसांनी केवळ अदखलपात्र नोंद करून तिची प्रत आपल्या हाती दिली आणि मुलाला घरी जाऊ दिले. परभणीच्या या उन्हात आपल्याला दोन दिवस टँकरवर काढावे लागले, म्हणून मी नवा अर्ज तयार केला आहे. त्यात पंपखोलीचे कुलूप तोडल्याचे आणि पंचवीस हजारांचा माल गेल्याचे नमूद केले आहे. कोणाची हरकत नसल्यास सायंकाळी तो देऊन येतो.

क-४०१: सचिवसाहेब, अर्ज योग्यच आहे. माझ्या मते त्याच्यावर मोक्का लावण्याची मागणीही त्यात असावी, म्हणजे पुन्हा कोणी आपल्या आवारात पाऊल टाकणार नाही.

ब-२०३: सचिवसाहेब, कृपया त्या अर्जावर सही करू नका. मी न्यायालयाच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षे नोकरी केली असून, फिर्यादीतले एखादे वाक्य खटल्याला कुठल्या कुठे नेते हे जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पोलिसांनी अदखलपात्र नोंद का केली, याचे उत्तर आपल्याच पहिल्या अर्जात आहे. त्यात आपण ‘मोटारीजवळची केबल, किंमत ४,३०० रुपये’ एवढेच लिहिले होते. केबल खोलीच्या आत होती हे लिहायचे राहून गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीची शिक्षा कलम ३०३ मध्ये आहे. ती तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी आहे. मात्र चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला सामाजिक सेवेची शिक्षा द्यावी, अशी तरतूद त्याच कलमात नव्याने आली आहे. पाच हजारांच्या आतली अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरते, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. आपण जे लिहून दिले, त्यावर त्यांनी नियमानुसारच नोंद केली.

ब-१०४: काका, मला एक शंका आहे. केबल त्याच्या हातातच सापडली, ती फाटकाबाहेर गेलीच नाही. मग हा चोरीचा केवळ प्रयत्न ठरणार नाही का?

ब-२०३: ताई, शंका रास्त आहे, पण तसे होत नाही. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिकपणे घेण्याच्या उद्देशाने जागची हलवली की चोरी पूर्ण होते. ती आवाराबाहेर नेली पाहिजे अशी अट व्याख्येत नाही. जमिनीला किंवा इमारतीला जोडलेली वस्तू जोडलेली असेपर्यंत जंगम नसते, पण तोडून वेगळी केली की ती जंगम होते, आणि तोडणे व हलवणे या दोन्ही गोष्टी एकाच कृतीत होऊ शकतात. केबल कापून तिचे वेटोळे खांद्यावर घेतलेल्या अवस्थेत तो सापडला, म्हणजे व्याख्येतला एकही घटक पूर्ण व्हायचा उरलेला नाही.

आता कुलपाबद्दल. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून चोरी झाली की कलम ३०५ लागते. त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी असून, तो गुन्हा दखलपात्र (पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) आहे. तिथे पाच हजारांचा प्रश्न येत नाही. आपली पंपखोली अशीच इमारत आहे, तेव्हा ‘केबल पंपखोलीच्या आत होती’ हे एक खरे वाक्य आपल्याला पुरेसे आहे. परंतु चोरीसाठी रात्री कुलूप तोडून आत शिरला असे लिहिले, तर ती कलम ३३१ खालची घरफोडी होते आणि शिक्षेची कमाल मर्यादा चौदा वर्षांवर जाते.

मी मंगळवारी सकाळी ते कुलूप हातात घेऊन पाहिले आहे. त्यावर साधा ओरखडासुद्धा नाही. किल्ली वॉचमनच्या जुडग्यातच होती आणि कुलूप कडीला नुसते अडकवलेले होते, हे त्यानेच मला सांगितले. सात वर्षांची मर्यादा चौदा वर्षे करणारे हे वाक्य आपण कोणत्या तोंडाने लिहायचे? पंचनाम्यात पंच हेच कुलूप पाहतील. शिवाय कोणाला त्रास व्हावा म्हणून लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा कलम २१७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे; त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. किमतीचेही तेच. दुकानाचे बिल ४,३०० रुपयांचे आहे आणि ते आपल्याच फाइलमध्ये लावलेले आहे.

क-४०१: काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मग मोक्का असतो कशासाठी?

ब-२०३: तो आपल्या राज्याने १९९९ साली केलेला कायदा आहे आणि संघटित गुन्हेगारीच्या टोळ्यांसाठी आहे. तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांची एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रे मागील दहा वर्षांत न्यायालयात गेलेली असावी लागतात, त्यांची न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागते आणि कृत्य टोळीचे असावे लागते. पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय त्याखाली नोंदच होत नाही. किमान पाच वर्षे कैद आणि किमान पाच लाख रुपये दंड असलेला तो कायदा एकट्याने केबल कापणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलासाठी नाही. उलट, एकवीस वर्षांखालील आरोपीला तुरुंगातच का पाठवावे, याची कारणे न्यायालयाने नोंदवावीत, असे १९५८ चा परिवीक्षा कायदा, म्हणजे आरोपीला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या अटीवर सोडण्याबद्दलचा कायदा, सांगतो.

कलम ३०५ लागले तरी त्याला लगेच अटक होईलच असे धरून चालू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक गरजेची का आहे हे पोलिसांना लेखी नोंदवावे लागते. तशी गरज नसेल तर ते हजर राहण्याची नोटीस देतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे बजावले आहे. नोटीस दिली म्हणजे प्रकरण मिटवले, असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. समोर घडणाऱ्या दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्यात सामान्य नागरिकालाही आरोपीला धरता येते. पण त्याला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. आपण त्याला दोन वाजता धरले आणि ११२ क्रमांकावर फोन केला साडेसात वाजता. मधले साडेपाच तास तो नायलॉनच्या दोरीने पार्किंगच्या खांबाला बांधलेला होता, आणि त्याच्या मनगटावरचे वळ मी दिवसाच्या उजेडात पाहिले. त्याला मारहाण झाली, तो दुखापतीचा गुन्हा आहे. बांधून ठेवले, ती अन्यायकारक कैद आहे. आणि या दोन्हींना एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. पोलिसांना पाच मिनिटांत फोन करणे आपल्याला सहज शक्य होते. ज्यांनी त्या वेळचा व्हिडिओ या ग्रुपवर टाकला, त्यांनी तो पुढे पाठवू नये आणि पुसूनही टाकू नये, कारण तो आता पुरावा आहे.

सचिव (अ-१०२): काका, दोरी मीच आणून दिली होती. मला त्या वेळी यातले काहीही सुचले नाही. नवा अर्ज मी बाजूला ठेवतो.

ब-२०३: मग सहा वाजता माझ्याकडे या, आपण दोघे मिळून दुसरा लिहू. येताना केबलचे बिल आणा आणि वॉचमनला सोबत घ्या. केबल खोलीत होती, कुलूप लावायचे राहिले होते, मुलाला दोन वाजता धरले आणि साडेसातपर्यंत बांधून ठेवले, हे चारही मुद्दे त्यात जसे घडले तसे येतील. अर्ज घेण्यास नकार मिळाला, तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. कुलूप मी कागदात गुंडाळून ठेवले आहे; ते कृपया कोणी पुन्हा दाराला लावू नये.