मदत हवी आहे : माद्रिद विमानतळावरून बसने थेट ग्रानादा

ऑक्टोबरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांसह माद्रिदला उतरून त्याच दिवशी ग्रानादा गाठायचे आहे. रेल्वेने जायचे तर सर्व सामानासह आधी शहरातील आतोचा स्थानकापर्यंत जावे लागते. त्यापेक्षा विमानतळाच्या टर्मिनल ४ वरूनच सुटणारी आल्सा या स्पॅनिश बसकंपनीची बस, तिला सुमारे पाच तास लागत असले तरी, मला अधिक सोयीची वाटते. मेंदेस आल्वारो येथील दक्षिण बसस्थानकावरून गाड्या अधिक सुटतात हे खरे, पण तिथवर मेट्रो बदलत जाणे दोघांना झेपणार नाही. आमचे विमान दुपारी टर्मिनल १ वर उतरते; तेथून टर्मिनल ४ पर्यंत मोफत शटल आहे, हे ठाऊक आहे. भाड्याची मोटार किंवा माद्रिदचा मुक्काम हे पर्याय नकोत.

वेळापत्रक आणि भाडे पाहून झाले आहे. अडचण एवढीच की, वडिलांना मधुमेह असल्याने वेळेवर खाणे आणि स्वच्छतागृह आवश्यक आहे. तेव्हा या मार्गावर अलीकडे प्रवास केलेल्यांनी कृपया सांगावे : वाटेत खाण्यापुरता थांबा खात्रीने मिळतो का, आणि विमानाला उशीर होऊन बस चुकल्यास तेच तिकीट पुढच्या बससाठी बदलून मिळते का?