शब्दचर्चा : ताण, तणाव आणि तणावा

विचारणा

नागपूरच्या अंबाझरी तलावावर शिडाची होडी चालवायला शिकणाऱ्या कॅडेट मुलांसाठी एक चार पानी माहितीपत्रक मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. डोलकाठीला चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा किती ताणाव्यात, एवढाच त्याचा विषय आहे. तरीही मी पहिल्याच ओळीत अडलो. ‘स्टँडिंग रिगिंग’साठी मी ‘उभी दोरसज्जा’ असे लिहिले आणि ‘टेन्शन’साठी ‘तणाव’. त्यातून ‘डोलकाठीवरील तणाव कमी करण्यासाठी’ असे वाक्य जन्माला आले आणि ते वाचून घरच्यांनी डोलकाठीला समुपदेशकाकडे नेण्याचा सल्ला दिला. या तारांना आणि त्यांच्यातील ओढीला नेमके काय म्हणावे, आणि ‘ट्यून करणे’ मराठीत कसे आणावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

आपला घोटाळा ‘तणाव’ या शब्दाने केलेल्या स्थलांतरामुळे झाला आहे. आज तो मनाशी किंवा दोन गटांमधील संबंधांशी इतका चिकटला आहे की वर्तमानपत्रांतील ‘तणावपूर्ण शांतता’ वाचताना कोणाच्याही डोळ्यांसमोर दोरी येत नाही. परंतु तंबू ज्या दोऱ्यांनी मेखांना बांधतात त्यांना मराठीत ‘तणावे’ म्हणतात, आणि एका दोरीला ‘तणावा’. संस्कृतातील ‘तन्’, म्हणजे ताणणे, पसरणे, या धातूपासून तंतू, वितान आणि ततवाद्यातील ‘तत’ हे शब्द आले. दुसरीकडे उर्दूत तंबूच्या दोरीला ‘तनाब’ म्हणतात व तो शब्द अरबीतून आलेला आहे. ‘तणावा’ या दोहोंपैकी कोणत्या घरचा, याचा वाद घालता येईल. मला मात्र दोन्ही घरांची सावली त्याच्यावर पडलेली दिसते. आपल्या कामापुरते महत्त्वाचे एवढेच, की तंबूचा खांब आणि होडीची डोलकाठी यांची गरज एकच आहे. दोन्ही स्वतःच्या बळावर उभ्या राहत नाहीत. परस्परविरुद्ध दिशांनी ओढणाऱ्या दोऱ्यांमुळे राहतात. म्हणून तारेला ‘तणावा’ म्हणावे आणि तिच्यातील ओढीला ‘ताण’. वस्तू आणि बल यांना दोन वेगळे शब्द मिळाले की निम्मी वाक्ये आपोआप सुधारतात. सामान्यरूपाकडे मात्र लक्ष असावे: ‘तणाव्याचा ताण’ लिहावे, ‘तणावाचा ताण’ लिहिल्यास आपण पुन्हा समुपदेशकाकडे पोहोचू.

‘टेन्शन’ हा उसना शब्द तसाच ठेवावा असे कोणी सुचवील, पण तोही आपल्याकडे मनातच राहायला गेला आहे. ‘काऊन टेन्शन घेऊन राहिला बे’ असे ज्या गावात दिवसातून दहा वेळा ऐकू येते, तेथे तारेचे टेन्शन वाचून मुले हसणारच.

‘उभी दोरसज्जा’ मात्र सोडून द्यावी. येथे ‘स्टँडिंग’चा अर्थ उभे असा नसून एकदा बांधल्यावर जागेवर राहणारे असा आहे, शीड चढवण्या-उतरवण्याच्या किंवा त्याचा कोन बदलण्याच्या दोऱ्या सतत हातात खेळतात, त्यांच्यापासून वेगळेपण दाखवण्यासाठी हे विशेषण आले. ‘बांधीव विहीर’ आपल्या परिचयाची आहे, त्याच चालीवर ‘बांधीव तणावे’ म्हणता येईल आणि दुसऱ्या गटाला ‘चालते दोर’. शीड, डोलकाठी, परबाण, सुकाणू, नाळ असे शब्द मराठीने सांभाळून ठेवले असताना या भेदासाठी रुळलेला शब्द चटकन आठवत नाही, याचे एक कारण तिरक्या परबाणाच्या, म्हणजे शीड ज्याला बांधतात त्या दांड्याच्या, पारंपरिक जहाजांच्या रचनेत असावे. त्यांत बाजूचे आधारदोर दिशा पालटताना वाऱ्याकडच्या अंगाला हलवून पुन्हा बांधावे लागतात. जे हलते त्याला बांधीव कोण म्हणणार?

क्रियापदांतही काळजी घ्यावी. टर्नबकल, म्हणजे तारेच्या टोकाशी असलेला पिळून फिरवायचा आट्यांचा जोड, ‘आवळले’ जाते आणि त्यामुळे तार ‘ताणली’ जाते. तार आवळणे म्हणजे ती कशाभोवती तरी गुंडाळून घट्ट करणे होय. ताणाच्या अभावाला ‘झोळ’ हा उत्तम शब्द विजेच्या तारांमुळे सर्वांना ठाऊक आहे. पुढच्या तणाव्याला झोळ पडला की त्यावर चढवलेल्या शिडाचे पोट फुगते आणि होडीला वाऱ्याच्या जवळून वर चढता येत नाही. उलट ताण अति झाला तर सगळ्या तारा मिळून डोलकाठीला खाली दाबतात आणि तिच्या बुडाशी होडीच्या सांगाड्यावर भार येतो. ‘ट्यून करणे’ म्हणजे केवळ घट्ट करणे नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. तंबोरा आपण ‘जुळवतो’, खुंटी पिळून आणि मणी सरकवून. तोच शब्द येथे घ्यावा. ‘ताण जुळवणे’ यात डाव्या-उजव्या तणाव्यांचा मेळही आपसूक येतो.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले, परंतु ‘तणावा’ हा शब्द आजच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ऐकलेला असेल का, याची शंका वाटते. विजेच्या खांबाला तिरपी बांधलेली तार त्याने रोज पाहिलेली आहे आणि तिला ‘ताणतार’ म्हणतात. पारदर्शक शब्द उपलब्ध असताना जुना शब्द उकरून काढण्याचा मोह टाळावा.

तसेच ‘ताण’ हा शब्द मोजमापाला चालतो का, हे तपासून पाहिले. १९ तारा एकत्र पिळलेल्या पोलादी दोरासाठी एक सोपी रीत आहे: त्याचा २ मीटर लांबीचा भाग १ मिलिमीटरने लांबला, की त्याच्या तुटण्याच्या भाराच्या सुमारे ५ टक्के ताण आला असे धरतात, मग दोर जाड असो की बारीक. लांबी ३ मिलिमीटरने वाढली तर १५ टक्के. ‘ताण १५ टक्क्यांवर आणावा’ हे वाक्य कोठेही खटकत नाही. ‘तंग’ आणि ‘ताठ’ मात्र या कामाचे नाहीत; तंग कपडा असतो, आणि ताठ राहायचे ते डोलकाठीने.

पहिल्या प्रतिसादकाकडून

‘ताणतार’ला माझा विरोध नाही, फक्त एक अडचण सांगतो. काही होड्यांत हे आधार आता तारेऐवजी कृत्रिम धाग्यांच्या दोरांचे असतात, तेव्हा ‘दोराची ताणतार’ म्हणावे लागेल. तणावा कशाचाही असू शकतो. शिवाय पंधरा वर्षांच्या मुलाला शब्द ठाऊक नसेल तर तो शिकेल. होडी तरी त्याला कोठे जन्मतः येते?

मूळ विचारणाऱ्याकडून

दोघांचेही आभार. ‘तणावा’ घेतला असून पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘विजेच्या खांबाच्या ताणतारेसारखा’ असे जोडले आहे. रविवारी तलावावर जाऊन मसुदा प्रत्यक्ष होडीशी ताडून पाहिला, तेव्हा दोन दुरुस्त्या कराव्या लागल्या, त्या येथे नोंदवतो. मुलांच्या होड्या एंटरप्राइज जातीच्या, म्हणजे जेमतेम ४ मीटर लांबीच्या आहेत. त्यांत पुढचे लहान शीड चढवून त्याचा दोर खेचला की शिडाच्या पुढच्या कडेत ओवलेली तारच सगळा भार घेते आणि पुढचा तणावा सैल लोंबतो. हा दोष नव्हे, त्यामुळे त्याला ‘झोळ’ म्हणणे दिशाभूल करणारे ठरले असते. झोळ पाहायचा तो शिडाच्या कडेचा. दुसरे म्हणजे, मी पाहिलेल्या होडीत टर्नबकलच नव्हते. तणाव्याचे खालचे टोक भोके पाडलेल्या धातूच्या पट्टीत पिनेने अडकवलेले होते, म्हणून ‘आवळणे’ हे क्रियापदही गेले. आता वाक्य असे झाले आहे:

‘बाजूच्या दोन्ही तणाव्यांच्या पिना सारख्याच क्रमांकाच्या भोकांत घालाव्यात, नंतर पुढचे शीड चढवून त्याच्या कडेचा झोळ निघेपर्यंत दोर ताणावा, होडी कलल्यावर वाऱ्याआडचा तणावा किंचित सैल झाला तर चालेल, पण तो झुलू लागल्यास किनाऱ्यावर येऊन ताण पुन्हा जुळवावा.’

‘वाऱ्याआडचा’, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूचा, हा शब्द मला अजून थोडा अवघड वाटतो. त्याहून बरा कोणी सुचवल्यास छपाई गुरुवारपर्यंत थांबवता येईल.