जुन्या साडीचे पडदे: कापण्याआधी एवढं बघा

ऐरोलीच्या भाड्याच्या घरात भिंतीला भोकं न पाडता साडीचे पडदे लावायचेत, असं विचारलंय. नक्की जमेल.

कॉटनची साडी कापायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवा. नाहीतर शिवल्यावर पहिल्याच धुण्यात आटते आणि पडदा आखूड होऊन खिडकीच्या खालच्या कडेच्या वरच लटकतो. साडेपाच मीटर म्हणजे साधारण २१६ इंच. ५ फुटी पडद्याला ६८ इंच कापा: वर रॉड ओवायच्या नळीसाठी ३, खाली दुमडीला ५. असे दोन तुकडे घेतले की ४ फुटी खिडकीला छान चुण्या पडतात. बाजूंना काठ असतातच, तिथे शिलाई नकोच. कापताना आडवा एक धागा ओढून काढा; जी बारीक रेघ दिसते तिच्यावरून कात्री चालवा, कड तिरकी जाणार नाही.

उरलेल्या ८० इंचांत (पदर इथेच ठेवा!) १७ इंचांच्या चार आडव्या पट्ट्या निघतात. एका पट्टीत १६ इंची उशीचा एक अभ्रा, मागे एकावर एक येणारी दुमड ठेवली की चेनही लागत नाही.

स्प्रिंगचा रॉड चौकटीच्या आत बसवा, मापापेक्षा इंचभर लांब करून दाबून. डिस्टेंपरची भुकटी सुटत असेल तर तो घसरतोच. जागा ओल्या फडक्याने पुसा, टोकांना पातळ रबर लावा.

पश्चिमेच्या खिडकीला मात्र अस्तर हवंच, आणि विरलेली रेशमी साडी तिथे अजिबात नको. उन्हाने घडीवर चिरते.